नेल एक्स्टेन्शन आणि दुखावलेलं नख : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई सुरू झाली की आमच्या स्टुडिओच्या व्हॉट्सॲपवर डिझाइनच्या फोटोंबरोबर सुजलेल्या, काळ्यानिळ्या बोटांचेही फोटो यायला लागतात. खालचे प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत. मी नेल आर्टिस्ट आहे, डॉक्टर नाही. माझं काम कुठे संपतं आणि दवाखान्याचं कुठे सुरू होतं, ते त्या त्या उत्तरात लिहिलंय. एक मात्र आधीच सांगते : दुखऱ्या बोटावर मी नकली नखांचा नवीन सेट बसवत नाही, कुणी जास्त पैसे देऊ केले तरी नाही.

गाडीच्या दारात अडकून नख उचकटलं. रक्त येतंय. आधी काय करू?

नख ओढू नका. बाकी सगळं त्यानंतर.

स्वच्छ रुमाल किंवा गॉज घेऊन बोटाचं टोक दहा मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उघडून ‘थांबलं का’ बघत बसलात तर रक्त थांबत नाही. हात छातीच्या वर ठेवा. खाली लोंबत राहिला की ठणका वाढतो. त्या हातातल्या अंगठ्या लगेच काढा. सूज चढली की साबण लावूनही अंगठी निघत नाही आणि मग ती कापावी लागते. रक्त थांबलं की नळाच्या वाहत्या पाण्याखाली बोट धुवा. जंतुनाशक कच्चं ओतून आग करून घ्यायची गरज नाही. मग बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं शेका. बर्फ थेट कातडीवर धरू नका.

नख अर्धवट लटकत असेल तर ते आहे त्या जागी हलक्या हाताने बसवा, त्यावर न चिकटणारी ड्रेसिंगची पट्टी ठेवा आणि सैलसर टेप लावा. हे फक्त दवाखान्यात पोहोचेपर्यंत. ओढणीत किंवा केसांत अडकून ते पुन्हा खेचलं जाऊ नये एवढ्यासाठी. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन टाळा, त्याने रक्त जास्त वेळ वाहतं.

तुटायचं तर नकली नख तुटायला हवं होतं ना? माझं खरं नख का फाटलं?

हा प्रश्न तक्रारीच्या सुरात येतो, पण उत्तर समजून घेण्यासारखं आहे.

साधं नख वाढलं की धक्क्याने वाकतं, चिरतं, टोकाला तुटतं. जोर तिथेच संपतो. ॲक्रिलिकचं किंवा हार्ड जेलचं नकली नख वाकत नाही. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण तुम्ही लांब नखाने उचलायला जाता तेव्हा त्या नखाची तरफ होते : झाकण एका टोकाला, तुमचं बोट दुसऱ्या टोकाला. जेवढी लांबी जास्त, तेवढा मुळाकडे येणारा जोर जास्त. तो येऊन थांबतो बरोबर त्या रेषेवर, जिथे गुलाबी भाग संपून पांढरं टोक सुरू होतं. नकली नख पक्कं, ते खऱ्या नखाला चिकटलेलंही पक्कं. मग सुटायला राहतं काय? खरं नख आणि त्याच्याखालची कातडी यांची पकड. तीच सुटते. त्या कातडीत मज्जातंतू दाटीने असतात, म्हणून कळ थेट मस्तकात जाते.

चांगला हात असेल तर नखाच्या मधोमध, जोर येतो त्या जागी, थोडा जाड उंचवटा ठेवतो. आम्ही त्याला एपेक्स म्हणतो. त्यामुळे जोर पसरतो. सपाट, सगळीकडे सारखं थापलेलं नख फोटोत छान दिसतं, पण त्यात हा आधार नसतो.

आणखी एक. फार स्वस्तात मिळणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये कधीकधी एमएमए नावाचं मोनोमर, म्हणजे पावडरीत मिसळायचं लिक्विड असतं (पूर्ण नाव मिथाइल मेथाक्रिलेट). ते दगडासारखं कडक होतं, ॲसिटोनमध्ये सहजी विरघळत नाही आणि अडकलं तर खऱ्या नखाला घेऊनच निघतं. अमेरिकेत एफडीएने (तिथली औषध नियंत्रण संस्था) निव्वळ एमएमएच्या नेल उत्पादनांवर १९७० च्या दशकातच कारवाई केली होती. आता नावाजलेल्या मालात त्याऐवजी ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असतं. डोकं उठवणारा उग्र वास आणि फाइल घासून घासूनही न झिजणारं नख, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर विचारा की लिक्विड कोणतं वापरलंय.

दवाखान्यात जायलाच हवं का? घरी बरं होईल की.

टोक जरा उचललंय, रक्त थांबलंय, दुसऱ्या दिवशी ठणका कमी झालाय, तर घरी होतं. पण पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी जा :

- दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, किंवा नखाखालची कातडी चिरलेली दिसते.
- नख मुळापासून, म्हणजे चंद्रकोरीच्या बाजूने निखळलंय.
- टोकाचं पेर सरळ करता येत नाही, खालीच झुकून राहतं. यात बोट सरळ करणारी कंडरा (टेंडन) तुटलेली असू शकते. तशी असेल तर बोट सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी (स्प्लिंट) ६ ते ८ आठवडे लागते आणि उशीर झाला तर बोट तसंच राहू शकतं.
- बोट चेंगरलंय आणि सूज वाढतेच आहे. नखामागच्या छोट्या हाडाला तडा जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एक्स-रेशिवाय कळत नाही.
- टोक बधिर आहे किंवा पांढरंफटक पडलंय.
- मधुमेह आहे, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बोटाचा तुकडाच तुटला असेल तर तो ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात नको. आणि निघा.

नखाखाली रक्त साकळलंय, प्रचंड ठणकतंय. सुई तापवून भोक पाडलं की लगेच आराम पडतो म्हणे?

आराम पडतो हे खरं आहे. डॉक्टर हे करतात : नखाला बारीक छिद्र पाडून दाब मोकळा करतात. कातडीच्या आत औषध सोडत नाहीत, नुसतं रक्त बाहेर येतं आणि रुग्णाचा चेहरा तिथेच बदलतो. पहिल्या एक-दोन दिवसांत, रक्त पातळ असेपर्यंतच याचा उपयोग. नंतर ते घट्ट होतं आणि छिद्र पाडून काही निघत नाही.

पण तुमच्या बोटावर नकली नख आहे, आणि ॲक्रिलिक पेट घेतं. तापवलेली सुई किंवा दवाखान्यातलं डाग देणारं यंत्र ॲक्रिलिकवर टेकवणं म्हणजे बोटावर आग लावणं. म्हणून दोन गोष्टी. घरी सुई, पेपरक्लिप काहीही तापवू नका. आणि डॉक्टरांनी छिद्र पाडायची तयारी केली की स्वतःहून सांगा, ‘यावर ॲक्रिलिक आहे.’ रंग आणि खडे लावलेलं नख बघून प्रत्येकाच्या ते लक्षात येईलच असं नाही. ते आधी नकली थर काढतील, किंवा न तापवता सुईनेच छिद्र पाडतील.

रक्त थोडंसंच आहे, दुखतही नाही, तर काहीच करू नका. तो काळा डाग नखाबरोबर पुढे सरकत जाईल.

मग नकली नख काढायचं कसं? आणि कधी?

जखम उघडी असेल तर ॲसिटोन अजिबात नको. आग तर होतेच, कातडीही कोरडी पडून चिरते. अशा वेळी आधी फक्त लांबी कमी करायची. अडकणारं टोक गेलं की निम्मा त्रास जातो. जाड ॲक्रिलिकवर साधा नेलकटर चालवू नका. तो दाबतो, आणि ती चीर खालपर्यंत जाते. बारीक फाइलने, दुसऱ्या हाताने नख दोन्ही बाजूंनी धरून, सावकाश. घासताना बोट हलून कळ येत असेल तर थांबा आणि ते काम आम्हाला किंवा दवाखान्याला करू द्या.

जखम मिटल्यावर बाकीचं :

सोक-ऑफ जेल असेल तर वरचा चकचकीत थर फाइलने घालवा, आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळा. दहा-पंधरा मिनिटांत थर सुरकुततो आणि लाकडी काडीने हलकेच निघतो. निघत नसेल तर पुन्हा गुंडाळा, खरवडू नका. ॲक्रिलिकला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. हार्ड जेल ॲसिटोनने विरघळतच नाही, ते घासूनच काढावं लागतं आणि दुखऱ्या नखावर हे घरी करायचं काम नाही. प्रेस-ऑन, म्हणजे नुसती चिकटवायची तयार नखं असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून कडेने सैल करा.

आणि कृपा करून हे स्वयंपाकघरात करू नका. ॲसिटोनची वाफ दिसत नाही, पण गॅस पेटवला की भडकते. देवघरात समई चालू असेल तर तिथेही नको.

अर्धं निघालेलं नख नेल ग्लूने परत चिकटवलं तर चालेल? दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

नाही. सुटलेलं नख त्याच कातडीला पुन्हा चिकटत नाही. मुळातून नवीन वाढत येणारं नखच तिथे घट्ट बसतं. ग्लूने तुम्ही फक्त एक बंद कप्पा तयार करता, ज्यात ओल, रक्त आणि जंतू कोंडले जातात. शिवाय ग्लू ओल्या जखमेवर गरम होतो. कापसावर सांडला तर तो भाजण्याइतका तापतो. सुती कपड्यावर ग्लू सांडून मांडी भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. मग बोटाला कापूस लावून त्यावर ग्लू, हा जुगाड तर मुळीच नको.

डॉक्टरांनी नख काढून टाकलं. परत येईल ना?

बहुतेकदा येतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण यायला चार ते सहा महिने. पहिले दोन-तीन आठवडे काहीच हालचाल दिसत नाही, घाबरून जाऊ नका. मग मुळाशी एक जाडसर कड डोकावते आणि पुढे सरकायला लागते. अंगठ्याला आणि करंगळीला सारखा वेळ लागत नाही. करंगळी जरा आळशी असते.

येणारं नख कसं असेल हे मूळ किती दुखावलंय त्यावर ठरतं. मूळ चिरलं असेल आणि नीट शिवलं गेलं नसेल तर नख दुभंगून किंवा खडबडीत येऊ शकतं. म्हणूनच मुळापाशी लागलं की दवाखान्याची टाळाटाळ नको.

तोवर पोळ्या, भांडी, अंघोळ कशी करायची?

इथे सगळ्यात जास्त लोक कंटाळतात. पहिले काही दिवस ड्रेसिंग कोरडं ठेवा, भिजलं की लगेच बदला. ओलं ड्रेसिंग दिवसभर बोटावर ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं. पट्टी चिकटली असेल तर ओढू नका. कोमट पाण्यात धरा, आपोआप सुटते. आत व्हॅसलीनचा पातळ थर असला की चिकटत नाही.

भांड्यांना रबरी हातमोजे, आणि त्यांच्या आत सुती. नुसत्या रबरात हात घामाने भिजतो. कणीक दुसऱ्या कुणीतरी मळावी. सुटलेल्या नखाखाली पीठ गेलं की ते काढायला तुम्ही काडी घालणार, आणि काडीने जेवढं साफ होतं त्याहून जास्त उचकटतं. लसूण सोलणं, मटार सोलणं, साडीची पिन लावणं हेही महिनाभर दुसऱ्या हाताने. झोपताना बोट पांघरुणात अडकून जीव जातो. सैल सुती मोजा हातात घालून झोपा, हास्यास्पद दिसतं पण झोप लागते.

आईने हळद-तेल भरायला सांगितलंय.

आईचं मन मोडू नका, पण उघड्या जखमेत डब्यातली हळद भरू नका. ती निर्जंतुक नसते, नखाखाली दाटून बसते आणि पिवळ्या रंगामुळे पू आहे की हळद, हे डॉक्टरलाही कळत नाही. तेच मेंदीचं : डागाखाली नखाचा खरा रंग दिसत नाही. आईला हळदीचं दूध करायला सांगा.

सुटलेल्या नखाखाली हिरवट रंग आलाय. बुरशी आहे का?

बहुतेक नाही. हा हिरवा किंवा हिरवट-काळा डाग स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. नकली नख आणि खरं नख यांच्यात फट पडली, तिच्यात पाणी गेलं, की त्याला घर मिळतं. बुरशीचं नख शक्यतो पिवळट, पांढरट, जाड आणि भुसभुशीत होतं. म्हणून मेडिकलमधून बुरशीचं मलम आणून चोळल्याने हे जात नाही.

नकली थर पूर्ण काढायचा, सुटलेला भाग डॉक्टरकडून कापून घ्यायचा, बोट कोरडं ठेवायचं. औषध ते देतील. जिवाणू मेला तरी डाग लगेच जात नाही, नखाबरोबर पुढे सरकतो. त्यावर गडद शेड लावून झाकायला सांगणाऱ्या क्लाएंट असतात आणि लावून देणारेही असतात. आम्ही देत नाही. वापरलेली फाइल मात्र टाकून द्या, ती दुसऱ्या बोटाला लावू नका.

नखाच्या कडेला सूज आलीय, हात लावू देत नाही.

हे नखुरडं. कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं बोट बुडवा. एक-दोन दिवसांत उतरलं नाही, पू धरला, किंवा लाली बोटावर वर चढत गेली तर डॉक्टर. घरी पिनेने फोडू नका. आधीच्या दुखण्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही नकोत. बोटाच्या पुढचा गर, म्हणजे ठसा उमटतो तो भाग, टणक आणि ताठ होऊन ठणकत असेल तर रात्र काढू नका. तिथला पू लवकर काढला नाही तर हाडापर्यंत जाऊ शकतो.

नवीन नखावर आडवी खाच आलीय, पांढरे ठिपकेही आहेत. कॅल्शियम कमी पडतंय का?

कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. मार लागला त्या दिवसांत मुळाने काम थांबवलं, त्याची ती खाच. पांढरे ठिपकेही बहुधा छोट्या माराचेच. दोन्ही पुढे सरकून कापले जातात.

सरकत नाही त्याची काळजी करा. नखावर काळी किंवा तपकिरी उभी पट्टी आहे, महिनाभरात जागची हलली नाही, रुंद होतेय किंवा तिचा रंग मुळाजवळच्या कातडीत उतरलाय, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ‘दारात अडकलं होतं ना, त्याचंच असेल’ असं स्वतःला समजावत बसू नका. क्वचित तो मेलॅनोमा नावाचा कर्करोग असतो. डाग सरकतोय का हे बघायची सोपी युक्ती : त्याच्या मागच्या कडेला नखावर फाइलने बारीक ओरखडा काढा, फोटो ठेवा, महिन्याने पुन्हा फोटो काढा. साकळलेलं रक्त ओरखड्याबरोबर पुढे जातं आणि मागे स्वच्छ नख दिसतं.

बायोटिनच्या गोळ्या घेऊ?

फाटलेल्या नखासाठी त्यांचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. घेत असाल तर रक्ततपासणीच्या वेळी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकारात करतात त्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात. एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता.

लग्न तोंडावर आहे. एका बोटाचं सोडून बाकी नऊ बोटांना सेट करता येईल का?

येईल, लांबी कमी ठेवून. दुखऱ्या बोटाला काहीच नाही. नख शाबूत असेल आणि जखम पूर्ण मिटली असेल तर फार तर साधं नेलपॉलिश. फोटोत ते बोट लपवायचे मार्ग आहेत. हार, नारळ, ओंजळ, शालूचा पदर. अंगठीच्या बोटालाच लागलं असेल तर तुमचा फोटोग्राफर काय ते बघेल, मी ग्लू लावणार नाही.

पुन्हा एक्स्टेन्शन कधी करू?

तारीख विचारू नका, नख बघा. गुलाबी भाग टोकापर्यंत चिकटलेला हवा, दाबल्यावर दुखायला नको, कड सुजलेली नको, रंग स्वच्छ हवा. नख पूर्ण गेलं असेल तर हे व्हायला सहा महिने लागू शकतात. अर्धवट वाढलेल्या नखावर टिप लावली की तरफेची तीच गोष्ट पुन्हा, आणि या वेळी पकड अजून कमी.

पहिला सेट आखूड घ्या, बोटाच्या टोकापुढे जेमतेम. आकार गोल किंवा ओव्हल. चौकोनी कोपरे जिथे तिथे अडकतात. डबे चमच्याच्या दांड्याने उघडा, कॅनची रिंगही. आणि कड उचललेली दिसली की फिलिंगची (वाढलेल्या नखावर पुन्हा थर भरायची) तारीख येईपर्यंत थांबू नका. बऱ्याचदा केस किंवा स्वेटरचा धागा आधी तिथेच अडकतो.

मार लागलेलाच नाही, तरी सगळी बोटं खाजतात, नखांभोवती कातडी सोलतेय, टोकं दुखतात.

हे वेगळं प्रकरण आहे : ॲक्रिलेटची ॲलर्जी. जेलमधलं हेमा नावाचं रसायन त्यात बरेचदा सापडतं. जेल वाळवायच्या यूव्ही दिव्याखाली नीट न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं की ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. घरी किट आणून करणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं, कारण जेल कातडीवर सांडतं आणि दिवा जेलला जुळणारा नसतो. युरोपमध्ये हेमा असलेला माल फक्त व्यावसायिकांनी वापरायचा असा नियम आहे. जेल वाळवणारं टीपीओ हे दुसरं रसायन तर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केलंय.

एकदा ॲलर्जी जडली की ती साधारण कायमची असते. सेट काढा, त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या, आणि निकाल आला की तुमच्या दातांच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा. दातात भरायच्या सिमेंटमध्ये आणि काही शस्त्रक्रियांत वापरायच्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात.